मेनूचे शब्द काउंटरवर सापडतात: वेबसाइटचं नेव्हिगेशन पायरीपायरीने

तालुक्याच्या गावातल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट नव्याने करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा जुन्या साइटच्या वरच्या पट्टीत, म्हणजे मेनूत, चौदा पर्याय होते. मुख्यपृष्ठ, आमच्याविषयी, ध्येय व उद्दिष्टे, कार्यकारिणी, विश्वस्त मंडळ, उपक्रम, विशेष उपक्रम, छायाचित्र दालन, महत्त्वाचे दुवे असं करत करत शेवटी ‘इतर’. सभासद कसं व्हायचं, ही माहिती या ‘इतर’मध्ये ‘नियमावली’ नावाच्या स्कॅन केलेल्या पीडीएफच्या तिसऱ्या पानावर होती. ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या, “साइटवर सगळं आहे हो, पण लोक फोनच करतात.”

लोक फोन करतात, कारण फोनवर त्यांना त्यांच्या शब्दांत विचारता येतं. साइटवर आधी संस्थेचे शब्द शिकावे लागतात. या कामात मी जे केलं ते इथे क्रमाने लिहितो. तुमची साइट शाळेची, पतसंस्थेची किंवा मसाल्यांच्या दुकानाची असेल तरी पायऱ्या याच राहतील.

१. आधी वही, मग कॉम्प्युटर

पहिले दोन आठवडे मी डिझाइनला हात लावला नाही. काउंटरवर एक दोनशे पानी वही ठेवली आणि फोनवर किंवा समोर जो कोणी जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत लिहायला सांगितलं. ‘सभासदत्वाबाबत चौकशी’ असं लिहायचं नाही. ‘डिपॉझिट किती आहे आणि परत मिळतं ना?’ असं लिहायचं. हा फरक क्षुल्लक वाटतो, पण पुढचं सगळं काम त्यावर उभं राहतं.

वहीत काय आलं? आज उघडं आहे का. अमुक पुस्तक आहे का बघा ना. अभ्यासिकेत जागा आहे का, मुलींसाठी वेगळी आहे का, रात्री किती वाजेपर्यंत. दिवाळी अंकांचे पैसे वेगळे का. पुस्तक हरवलंय, काय करू. घरातली जुनी पुस्तकं घेता का. विश्वस्त मंडळात कोण आहे, हे दोन आठवड्यांत एकानेही विचारलं नाही. ध्येय व उद्दिष्टे यांचीही कोणाला चिंता नव्हती.

काउंटर नसेल तर व्हॉट्सअॅपवर आलेले प्रश्न, ईमेल आणि साइटच्या शोधपेटीत लोकांनी टाइप केलेले शब्द वापरा. दुकान असेल तर गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाशेजारी एक दिवस बसा.

२. पानांची यादी

एका शीटमध्ये जुन्या साइटचं प्रत्येक पान आणि प्रत्येक पीडीएफ लिहा. रकाने पाच: नाव, पत्ता, शेवटचा बदल, कोण सांभाळतं, आणि वहीतल्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर. शेवटचा रकाना रिकामा राहिला, तर ते पान वरच्या मेनूत नको. सांभाळणारं कोणी नसेल तर ते पान बहुधा साइटवरच नको. कंटाळवाणं काम आहे, एका दुपारी उरकून टाका.

३. कार्डांचे ढीग

साइटवरचे विषय कार्डांवर लिहून लोकांना त्यांचे गट करायला सांगायचं, याला कार्ड सॉर्टिंग म्हणतात. वाचनालयात ते करायला एक मजा होती. सूची संगणकावर गेल्यामुळे जुनी तालिकापत्रं (पुस्तकांच्या नोंदींची कार्डं) खोक्यात पडून होती, त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी विषय लिहिले. एका कार्डावर एकच विषय: उशीर शुल्क, बालविभाग, व्याख्यानमाला, सुट्टीचे दिवस, पुस्तक राखून ठेवणं, वार्षिक अहवाल, अशी तीसेक कार्डं. मग येणाऱ्या-जाणाऱ्यांना म्हटलं, जे एकत्र असावं असं वाटतं त्याचे ढीग करा आणि ढिगाला नाव द्या.

इथे एक पथ्य पाळा: कार्यकारिणीला पहिल्याच फेरीत बसवू नका. संस्थेतल्या माणसाच्या डोक्यात संस्थेचा तक्ता असतो, तो तेच ढीग करतो. मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी दोन मुलं, एक निवृत्त शिक्षक, बालविभागात नातवाला घेऊन आलेले आजोबा, आणि दर शनिवारी कादंबरी बदलायला येणाऱ्या एक काकू यांना बसवलं.

कार्यकारिणीच्या जुन्या मांडणीत ‘उशीर शुल्क’ ‘नियम’खाली होतं. या पाचही जणांनी ते सभासदत्वाच्या ढिगात टाकलं, कारण त्यांच्या लेखी तो पैशांचा विषय होता आणि पैसे सभासद झाल्यावरच द्यायचे असतात. काकूंनी तर सगळ्या कार्डांचे दोनच ढीग केले. नावं विचारली तर एकावर बोट ठेवून म्हणाल्या, “हे आपल्या कामाचं.” दुसऱ्यावर: “हे त्यांचं त्यांचं.”

साइटचा आराखडा तिथेच झाला. ‘आपल्या कामाचं’ वर, ‘त्यांचं त्यांचं’ खाली तळपट्टीत. संस्थेचा शासकीय ‘अ’ वर्ग, स्थापनेचा इतिहास, अहवाल, मंडळ हे सगळं मोलाचं आहे, अनुदानाच्या तपासणीला लागतं, जुन्या सभासदांना त्याचा अभिमानही असतो. पण ते शोधणारा माणूस घाईत नसतो, तो तळापर्यंत जातो. मंडळाला हे पटवताना मला एस. आर. रंगनाथन कामी आले. ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं त्यांनी १९३१ साली मांडली, त्यातलं चौथं आहे: वाचकाचा वेळ वाचवा. ग्रंथपाल मॅडमनी ते शिकताना पाठ केलेलं होतं. तेच सूत्र मेनूलाही लागू करू या, म्हटल्यावर वाद बराच आवरला.

एखादं कार्ड काही जण एका ढिगात टाकतात, काही दुसऱ्या. अशा वेळी पान एकाच जागी ठेवायचं आणि दुसऱ्या जागेवरून त्याची लिंक द्यायची. दोन जागी दोन पानं केली, तर वर्षभरात दोन्हींवर वेगवेगळे दर दिसायला लागतात.

४. नावं

माझा सर्वांत जास्त वेळ इथे जातो, आणि तो गेलाच पाहिजे. मेनू म्हणजे शेवटी पाच-सहा शब्द. ते चुकले तर रंग, फॉन्ट, ॲनिमेशन यांनी काहीही भरून निघत नाही.

मराठी साइटचा खास रोग म्हणजे कार्यालयीन मराठी. बोलताना ‘डिपॉझिट’ म्हणणारा माणूस साइटसाठी लिहायला बसला की ‘अनामत रक्कम’ लिहितो, ‘फोटो’चं ‘छायाचित्र दालन’ होतं. मी शुद्धतेच्या विरोधात नाही. ‘वर्गणी’, ‘सभासद’, ‘अभ्यासिका’ हे मराठी शब्द काउंटरवर रोज चालतात, म्हणून ते मेनूतही चालतील. शब्द कोणत्या भाषेतून आला यापेक्षा तो लोकांच्या तोंडी आहे का, एवढंच पाहायचं. मेनूत किंवा शीर्षकात ‘डिपॉझिट’ लिहा, आतल्या मजकुरात एकदा ‘अनामत’ही येऊ द्या, म्हणजे तो शब्द शोधणाऱ्यालाही पान सापडेल.

‘माहिती’ हे नाव होऊ शकत नाही, साइटवर सगळी माहितीच असते. ‘इतर’ आणि ‘अधिक’ म्हणजे घरातल्या माळ्यासारखे, ठेवणाऱ्याची सोय, शोधणाऱ्याची पंचाईत. ‘उपक्रम’, ‘विशेष उपक्रम’ आणि ‘कार्यक्रम’ शेजारीशेजारी असतील, तर व्याख्यानमाला नेमकी कुठे आहे हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. एकाच अर्थाच्या छटा दाखवणारे दोन पर्याय असले की वाचणारा थबकतो, आणि थबकलेला माणूस फोन उचलतो.

काव्यमय नावांचाही मोह आवरा. मंडळातल्या एका हौशी सदस्यांना अभ्यासिकेसाठी ‘ज्ञानसाधना’ आणि बालविभागासाठी ‘अंकुर’ हवं होतं. दारावरच्या पाटीला ती नावं छान शोभतील. मेनूत मात्र जो पहिल्यांदाच आलाय त्याला ‘अंकुर’ म्हणजे मुलांची पुस्तकं की रोपवाटिका, हे कसं कळणार?

आणि ‘मुखपृष्ठ’. ‘मुख्यपृष्ठ’ऐवजी बऱ्याच साइटांवर हे दिसतं. मुखपृष्ठ पुस्तकाला असतं. वाचनालयाच्या साइटवर तरी ही चूक नको.

काम करायला लावणारे पर्याय क्रियापदाने लिहा आणि आदरार्थी रूप ठेवा: ‘पुस्तक शोधा’, ‘सभासद व्हा’. नुसतं वाचायचं असेल तिथे नाम ठेवा. आमची शेवटची पट्टी अशी ठरली: पुस्तक शोधा, सभासद व्हा, अभ्यासिका, कार्यक्रम, वेळ आणि पत्ता, वाचनालयाविषयी.

५. किती पर्याय, किती खोल

मेनूत सातच्या वर पर्याय नकोत, असा ‘नियम’ तुम्हाला कोणीतरी सांगेलच. त्याचं मूळ मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या १९५६ च्या लेखात आहे. पण तो लेख माणूस डोक्यात एका वेळी किती गोष्टी धरून ठेवू शकतो याबद्दल आहे. मेनू तर डोळ्यांसमोर असतो, तो कुठे पाठ करायचाय? सहा स्पष्ट पर्यायांपेक्षा नऊ स्पष्ट पर्याय जरा सावकाश वाचले जातील, इतकंच. चार पर्याय असून दोन एकमेकांसारखे असतील तर ते जास्त वाईट.

‘तीन क्लिकमध्ये सगळं मिळालं पाहिजे’ हीसुद्धा अशीच एक ऐकीव गोष्ट. लोक क्लिक मोजत नाहीत. प्रत्येक क्लिकनंतर आपण जवळ पोचतोय असं वाटलं, तर चौथाही करतात. झेरॉक्स कंपनीच्या पार्क प्रयोगशाळेत पीटर पिरोली आणि स्टुअर्ट कार्ड यांनी १९९० च्या दशकात हे प्राण्यांच्या अन्नशोधाच्या भाषेत मांडलं: माणूस माहितीचा ‘वास’ घेत जातो. वास वाढतोय तोवर पुढे, विरला की माघारी. लिंकच्या शब्दांना वास असतो तो असा. ‘येथे क्लिक करा’ला कसलाच वास नाही.

आराखडा ठरला की तो कागदावर तपासा. फक्त शब्द लिहायचे, डिझाइन नाही. समोरच्याला वहीतला एक प्रश्न सांगायचा, “दिवाळी अंक घरी न्यायचे आहेत, कुठे दाबाल?” आणि गप्प बसायचं. माझी खात्री होती की लोक ‘कार्यक्रम’कडे जातील, कारण वाचनालय दिवाळी अंक योजना दणक्यात सुरू करतं. गेले ‘सभासद व्हा’कडे. पान तिकडे हलवलं. हा बदल कागदावर दोन मिनिटांत झाला, साइट तयार झाल्यावर अर्धा दिवस गेला असता.

६. प्रत्येक पान हे दारच

आपण मुख्यपान सजवतो आणि गृहीत धरतो की लोक तिथूनच येतील. प्रत्यक्षात कोणीतरी व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर व्याख्यानमालेची लिंक टाकतं आणि माणूस थेट चौथ्या खोलीत उतरतो. त्यामुळे कोणतंही पान उघडलं तरी तीन गोष्टी ताबडतोब कळायला हव्यात: ही साइट कोणाची, मी कुठल्या भागात आहे, इथून कुठे जाता येईल.

त्यासाठी लागतं ते एवढंच. वर वाचनालयाचं नाव, त्यावर टिचकी मारली की मुख्यपान. मेनूतला चालू भाग ठळक आणि खाली जाड रेघ (नुसता रंग बदलू नका, सगळ्यांना रंगांतला फरक दिसत नाही). पानाचं शीर्षक आणि ज्या लिंकवरून आलो तिचे शब्द एकच: ‘सभासद व्हा’ दाबल्यावर ‘प्रवेश प्रक्रिया’ असं शीर्षक आलं, की माणूस चुकीच्या जागी आलो असं समजून मागे फिरतो. आणि शीर्षकाच्या वर माग: मुख्यपान › सभासद व्हा › दिवाळी अंक योजना. याला ब्रेडक्रम्ब म्हणतात. नाव मात्र अजब आहे. ज्या जर्मन लोककथेतून ते आलं, तिथे मुलांनी वाटेवर टाकलेले पावाचे तुकडे पाखरांनी खाल्ले आणि मुलं रानात हरवली.

७. मोबाइल

आमच्या वाचनालयाच्या साइटवर येणारे बहुतेक लोक मोबाइलवरूनच येतात, तुमचंही तसंच असणार. म्हणून आधी फोनचा मेनू आखा, मग मोठ्या पडद्याचा.

मेनू उघडणारं तीन आडव्या रेघांचं चिन्ह डिझायनर नॉर्म कॉक्स यांनी झेरॉक्सच्या १९८१ च्या स्टार संगणकासाठी काढलं होतं. चार दशकं उलटली, तरी काकूंना ते चिन्ह म्हणजे दाबायची जागा आहे हे माहीत नव्हतं. त्यांना ती नक्षी वाटली. रेघांशेजारी ‘मेनू’ हा शब्द लिहा, दोन अक्षरांची तर जागा लागते. त्याहून चांगलं म्हणजे वहीत सर्वांत जास्त वेळा आलेले तीन पर्याय पडद्याच्या तळाशी कायम दिसू द्या, अंगठा तिथेच असतो. आम्ही ‘पुस्तक शोधा’, ‘अभ्यासिका’ आणि ‘वेळ आणि पत्ता’ तिथे ठेवले.

दाबायच्या जागेचा आकार: ॲपल ४४ पॉइंट सांगतं, अँड्रॉइड ४८ डीपी (ही दोन्ही पडद्यावरच्या मापाची एककं), आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेली डब्ल्यूसीएजी २.२ ही सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं किमान २४ पिक्सेल. किमान आकडा बघून करू नका, ४८ धरा. माउस वर नेल्यावर उलगडणारे उपमेनू फोनवर निरुपयोगी आहेत, कारण बोट हवेत धरता येत नाही. उपमेनू लागतच असेल तर तो दाबून उघडणारा हवा, आणि उघडणारा बाण व पानाकडे नेणारा शब्द या दोन वेगळ्या जागा हव्यात.

८. देवनागरीचे खाचखळगे

हे इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत सहसा सापडत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो.

इंग्रजी मेनूत सगळी अक्षरं कॅपिटल करून मधे ऐसपैस जागा सोडायची फॅशन आहे. साइटच्या तयार साच्यात, म्हणजे थीममध्ये, ती लेटर-स्पेसिंगची सेटिंग तशीच राहते, आणि मराठीत तिने शिरोरेषा तुटते. ‘अभ्यासिका’चे दात पडल्यासारखे दिसतात. ती शून्य करा. ओळीची उंची इंग्रजीपेक्षा वाढवा, नाहीतर ‘पूर्वनोंदणी’चा रफार आणि वेलांटी वरून कापली जाते आणि खालचा ऊकार पुढच्या ओळीवर आदळतो. लिंकखालची रेघ उकारांना छेदत असेल तर ती थोडी खाली सरकवा. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी म्हणून नोंदवा. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श मराठी वळणाचे दिसतात, आणि स्क्रीन रीडरलाही (ज्यांना दिसत नाही त्यांना पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) मजकूर कुठल्या आवाजात वाचायचा ते कळतं.

अकारविल्हे यादी असेल तर ती डोळ्यांनी तपासा. संगणकाने फक्त युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) क्रमांकांवरून लावलेली यादी ळ ला ल आणि व यांच्या मध्ये बसवते. म्हणजे ‘काळे’ हे आडनाव ‘कावळे’च्या आधी येतं, आपल्या वर्णमालेत ळ तर ह नंतर. क्ष जातो क खाली आणि ज्ञ जातो ज खाली. ‘ज्ञानेश्वरी’ शोधणारा थेट शेवटच्या अक्षराकडे जातो आणि तिथे काहीच नसतं. मराठीसाठीचा वर्णक्रम वापरायला डेव्हलपरला स्पष्ट सांगा, आपणहून कोणी करत नाही.

शोधपेटीचंही तेच. ‘ॲ’ दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकच अक्षर म्हणून, किंवा अ वर चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला वेगळे. ‘दुसऱ्या’मधल्या ऱ्या चीही तीच गत. त्यात पुन्हा आपली सामान्यरूपं: पानावर ‘पुस्तकांचे’, शोधणारा लिहितो ‘पुस्तक’. आणि अर्धे लोक रोमन लिपीत टाइप करतात. शोधपेटी सुरू करण्याआधी ही रूपं एक करून घ्यावी लागतात, आणि निदान नेहमीच्या शब्दांची रोमन रूपं जोडून द्यावी लागतात. जमत नसेल तर ‘काहीही सापडलं नाही’ एवढ्यावर सोडू नका. तिथे मेनूतले मुख्य पर्याय आणि वाचनालयाचा फोन नंबर दाखवा.

९. माउसशिवाय

कीबोर्डवरचं टॅब बटण दाबत साइट फिरून बघा. आपण कुठे आहोत हे चौकटीने दिसलं पाहिजे. सुरुवातीलाच ‘थेट मजकुराकडे’ अशी लिंक हवी, म्हणजे स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला प्रत्येक पानावर सगळा मेनू ऐकावा लागत नाही. स्क्रीन रीडरला कळाव्यात अशा काही खुणा कोडमध्ये टाकायला डेव्हलपरला सांगा: मेनू ‘नॅव्ह’ (nav) या टॅगमध्ये, चालू पानाला ‘एरिया-करंट’ (aria-current), उघड-मीट करणाऱ्या बटणाला ‘एरिया-एक्स्पांडेड’ (aria-expanded). अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं प्रमाण (काँट्रास्ट) किमान ४.५ ला १. फिकट राखाडीवर पांढरी अक्षरं उन्हात कोणालाच वाचता येत नाहीत.

१०. समोर बसून बघा

साइट तयार झाल्यावर मी फोन घेऊन परत तिथेच गेलो. प्रश्न वहीतलेच. निवृत्त शिक्षकांना म्हटलं, “सर, डिपॉझिट किती ते शोधा.” त्यांनी मेनू उघडला, वाचला आणि मग तो बंद करायला फोनचं मागे जायचं बटण दाबलं. साइटच गायब, समोर व्हॉट्सअॅप. मी कोपऱ्यात दिलेली फुली त्यांना दिसलीच नव्हती. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “माझंच काहीतरी चुकलं.” चूक माझी होती. त्याच संध्याकाळी मागे जायच्या बटणाने मेनू बंद होईल अशी सोय केली.

अशा वेळी जीभ दाताखाली धरावी लागते. “वर बघा ना” असं एकदा म्हणालात की ती चाचणी फुकट गेली. माणूस कुठे थांबला, कोणता शब्द पुटपुटला, कुठे उगाचच वरखाली सरकवलं, एवढंच टिपा. पाच-सहा माणसांत मोठे घोळ पुन्हापुन्हा दिसायला लागतात.

११. नंतरची राखण

जुने पत्ते बदलले असतील तर प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नव्या पानावर कायमचं वळण द्या, त्याला ३०१ म्हणतात. व्हॉट्सअॅपवर फिरलेल्या लिंका वर्षानुवर्षं फिरतच राहतात. आणि मेनूची किल्ली एकाच माणसाकडे ठेवा. नवा पर्याय हवा असेल तर आधी जुना एक काढायचा, हा करार लेखी करून घ्या. साइट सुरू होऊन महिना होत नाही तोच ‘अध्यक्षांचे मनोगत’ वर घ्या, असा निरोप आला होता. मॅडमनी परस्परच सांगितलं की वही बघा, कोणी विचारलंय का. मनोगत ‘वाचनालयाविषयी’मध्ये आहे, फोटोसकट.

‘आज उघडं आहे का?’ हे फोन मात्र थांबेनात. वेळापत्रक साइटवर होतं, पण लोकांना वेळापत्रक नको होतं, त्यांना आजचं उत्तर हवं होतं. शेवटी मेनूच्याही वर एक ओळ टाकली: ‘आज उघडं, रात्री ८ पर्यंत’. सुट्टीच्या याद्यांवरून ती आपोआप बदलते.

वही अजून काउंटरवर आहे. परवा चाळली तर एक नवा प्रश्न दोन-तीनदा आला होता: “साइटवर पुस्तक दिसतंय, पण ते आत्ता कपाटात आहे का कोणी नेलंय?” इथे मेनू पुरणार नाही. त्यासाठी देवघेवीची नोंद शोधाला जोडावी लागेल, ते काम आता घेतलंय.